वनहक्क दिलात, आता कारभारही सोपवा

प्रति,
मा. वनमंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

जोहार.

हे पत्र दोघांना मिळून एकच लिहितो आहे, कारण वेगवेगळं लिहिलं की काय होतं ते आम्हाला पाठ आहे. वनहक्काचा कायदा राबवायचा आदिवासी विकास खात्याने आणि जंगलाचा ताबा वन खात्याकडे. ग्रामसभेने एकाला विचारावं तर तो दुसऱ्याकडे पाठवतो. अर्जावर आवक क्रमांक पडतो, कागद फिरत राहतो आणि तोवर तेंदूचा हंगाम संपून पाऊस लागतो. तेव्हा यावेळी दोघांनी एकाच टेबलावर बसून वाचावं, एवढी पहिली विनंती.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांच्या हिशेबाच्या वह्या लिहितो. रोकडवही, मजुरांचा हजेरीपट, बांबूच्या गाड्यांची नोंद, बँकेच्या खात्याशी ताळमेळ. जंगलावर बोलणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी माझ्यापेक्षा शिकलेली आहेत. मी वहीत जे दिसतं तेवढंच सांगतो.

वहीत सगळ्यात आधी डोळ्यात भरतो तो पैसा येण्याचा महिना. आमच्याकडे धानाचं एकच पीक. दिवाळीनंतर मळणी होते, उधारी फिटते आणि होळीच्या सुमारास बऱ्याच घरांतल्या कोठ्यांचा तळ दिसायला लागतो. नेमकं तेव्हा मोहफूल पडायला सुरुवात होते. मार्च-एप्रिलच्या पहाटे बाया टोपली घेऊन झाडाखाली जातात. वाळवलेलं फूल थोडं घरात राहतं, थोडं विकलं जातं. मागोमाग चार पिकते, तिची चारोळी निघते. मे महिना तेंदूपत्त्याचा. मग टोरी, म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल घरात कामाला येतं. तेंदूची मजुरी हातात पडते ती ऐन पेरणीच्या तोंडावर, आणि त्या पैशात बियाणं, पोरांची पुस्तकं आणि दुकानाची जुनी बाकी असं सगळं बसवलं जातं. पावसाळ्यात सात्या म्हणजे रानातली अळंबी निघतात, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब निघतात, रानभाज्या निघतात; त्यांची नोंद माझ्या काय, कोणाच्याच वहीत होत नाही, त्या सरळ चुलीवर जातात. पाऊस उघडला की आवळा, हिरडा, बेहडा आणि बांबूची तोड.

वर्षाची बेरीज मांडली तर मंत्रालयात कोणाला ती मोठी वाटणार नाही. पण ज्या महिन्यांत माणूस सावकाराच्या दारात उभा राहतो, त्याच महिन्यांत हा पैसा येतो. गरिबी कमी करण्याच्या योजनांमध्ये रकमेची चर्चा फार होते, महिन्याची होत नाही. मे महिन्यात आलेले चार हजार आणि डिसेंबरात आलेले चार हजार यांची किंमत आमच्या गावात सारखी नसते. ज्या गावात बांबूची तोड नीट चालली, तिथून मिरची तोडायला तेलंगणात जाणारी माणसं कमी झाल्याचं मी बघितलं आहे. पोरं शाळेत टिकली ती कुठल्या मोहिमेमुळे नव्हे, आईबाप गावात राहिले म्हणून.

आता तुमच्या बाजूने बघतो. महाराष्ट्राच्या नकाशावर जंगल जिथे दाट तिथे गरिबीही दाट आहे: गडचिरोली, मेळघाट, सातपुड्यातला नंदुरबार, जव्हार-मोखाडा. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत राज्यातला सगळ्यात गरीब जिल्हा नंदुरबार निघाला. आमच्या जिल्ह्याचा तर सुमारे ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. यावरून मुंबईत एक सोपा निष्कर्ष निघतो की जंगलामुळे ही माणसं मागे राहिली. तेव्हा जंगल बाजूला सारा, खाण आणा, कारखाना आणा. हा नकाशा मी वेगळा वाचतो. ज्यांच्या भोवती एवढी संपत्ती उभी होती, त्यांना तिला हात लावायची मनाई होती. इंग्रजांनी १८७८ चा आणि पुढे १९२७ चा वन कायदा आणला तेव्हापासून गवताची पेंढी नेणंसुद्धा गुन्हा ठरू शकत होतं. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून हा कायदा मोडला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही दोन्ही नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत अभिमानाने येतात. पण सत्याग्रह ज्या कायद्याविरुद्ध झाला तो १९२७ चा कायदा आजही लागू आहे, हे त्या धड्यात नसतं.

बांबूचंच बघा. तो गवताच्या कुळातला आहे हे वनस्पतिशास्त्र सांगतं, पण या कायद्याने त्याला झाडांत बसवलं. म्हणून तो वन खात्याचा झाला आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या करारांवर कागद गिरणीला गेला. रांजीच्या, म्हणजे बांबूच्या बेटाच्या शेजारी राहणारा माणूस त्या बांबूचा तोडणारा मजूर होता. टोपल्या-सुपं विणून पोट भरणारा बुरड त्याच बांबूसाठी डेपोच्या दारात उभा असायचा.

संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला आणि त्याच्या प्रस्तावनेतच या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं कबूल केलं. गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क मिळाला. बांबू, तेंदू, मध, लाख, मोहफूल यांची मालकी मिळाली. महाराष्ट्राने या कामात देशाच्या पुढे राहून काम केलं, हे मोकळेपणाने सांगतो. राज्यात सात हजारांहून अधिक सामूहिक वनहक्क मान्य झाले आणि त्यातले हजाराहून अधिक एकट्या आमच्या जिल्ह्यात आहेत. तुमच्या खात्यांतल्या काही अधिकाऱ्यांनी त्यासाठी रात्री जागून नकाशे तपासले, हेही आम्ही विसरलेलो नाही. इतर राज्यांतली माणसं आमच्याकडे शिकायला येतात.

पण ती शिकायला येतात तेव्हा आम्ही त्यांना ठरावीक गावांत नेतो. त्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पहिलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत अनेक वर्षं अभ्यास गट चालवले, निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यायची शिस्त लावली, आणि मग २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायला निघाले तर वाहतूक परवाना मिळेना. मालकी तुमची, पण गाडी हलवायची तर पास आमचा, असं उत्तर. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतरच्या बांबूविक्रीची रक्कम कोटीच्या घरात गेली. पुढे त्या गावाने ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे केल्या.

त्या दिवसाचं वर्णन पुष्कळांनी कौतुकाने केलं आहे. मला त्यात दुसरंच दिसतं. परवान्याचं एक पुस्तक द्यायला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री दोघांना धानोऱ्याच्या आडगावी यावं लागलं! आमच्या जिल्ह्यातल्या बाकीच्या हजारभर ग्रामसभांसाठी कोण येणार आहे?

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केले. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल आणि त्यावर कसलीही रॉयल्टी वा शुल्क लागणार नाही. एवढं असूनही ग्रामसभेचा पास दाखवल्यावर नाक्यावरचा माणूस ‘साहेबांना विचारतो’ म्हणतो. मी ज्यांची वही लिहितो अशा एका ग्रामसभेची बांबूची गाडी अशीच नाक्यावर उभी राहिली. साहेब दौऱ्यावर होते. व्यापाऱ्याने थांबलेल्या गाडीचं भाडं ग्रामसभेच्या बिलातून कापलं. मी ते ‘वाहतूक खर्च’ या सदरात लिहिलं, कारण त्याच्यासाठी दुसरं सदर वहीत नाही. शेतकऱ्याला सातबारा द्यायचा आणि धान बाजारात न्यायला रोज तलाठ्याची चिठ्ठी मागायची, तसला हा प्रकार आहे. २०१७ मध्ये केंद्राने वन कायद्यात बदल करून जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं. त्याने बांधावर बांबू लावणारा शेतकरी मोकळा झाला, आनंद आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी रांजी राखल्या ते मात्र अजून पासाच्या वहीत अडकलेले आहेत. माझी मागणी साधी आहे: ग्रामसभेच्या पासाचा एकच नमुना राज्यभर ठरवा, तो प्रत्येक नाक्यावर भिंतीला लावा, आणि तो पास असताना गाडी अडवणाऱ्याने अडवण्याचं कारण तिथल्या तिथे लेखी द्यावं. लेखी द्यायचं म्हटलं की पुष्कळ कारणं आपोआप गळून पडतात.

तेंदूचं दुखणं वेगळं आणि जास्त खोल आहे. पूर्वी वन खातं लिलाव करायचं. ठेकेदार नोंदणीकृत असायचा, अनामत असायची, हप्ता चुकला तर कारवाई व्हायची. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि वनहक्क आल्यानंतर ग्रामसभा स्वतः जाहिरात देतात, स्वतः करार करतात. हे व्हायलाच हवं होतं. झुडपं छाटायच्या बेला कटाईपासून पोती भरायच्या बोद भराईपर्यंत सगळं काम गावाला येतं, ७० पानांचा पुडा कसा बांधायचा हे आमच्या पोरींना कोणी शिकवावं लागत नाही. पण ग्रामसभेच्या करारामागे कायद्याचं जे बळ उभं राहायला हवं होतं ते राहिलं नाही. ठेकेदार फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मजुरी देतो, कारण ती दिली नाही तर दुसऱ्या दिवशी पानं येत नाहीत. रॉयल्टीचा, म्हणजे पानांपोटी ग्रामसभेला द्यायच्या रकमेचा, पहिला हप्ता देतो. माल गोदामात गेला की फोन उचलणं बंद. भाव पडला तर हमखास. २०१७ मध्ये आमच्याकडे तेंदूला कधी नव्हे एवढा भाव मिळाला, पुढच्याच वर्षी तो कोसळला, आणि त्या चढउताराचे व्रण अजून कित्येक वह्यांत ‘येणे बाकी’ म्हणून पडून आहेत. ग्रामसभेने जावं कुठे? दिवाणी दावा लावायला वकील, तारखा, जिल्ह्याचं भाडं. तो ठेकेदार पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात भावाच्या नावाने निविदा भरतो.

वन खात्याकडे कोण ठेकेदार कसा आहे याची अनेक वर्षांची माहिती आहे. हा व्यवहार आता ग्रामसभेचा, आमचा काय संबंध, असं म्हणून ती माहिती कपाटात ठेवणं बरोबर नाही. ज्याने एका ग्रामसभेचे पैसे बुडवले त्याचं नाव जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर लागलं पाहिजे आणि तो बाकी फेडेपर्यंत राज्यात कुठेही त्याची निविदा उघडली जाऊ नये. याला नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. करासाठीही तेच. जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर तो १८ टक्के होता, २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. मधल्या आठ वर्षांत तो भार शेवटी पानं तोडणाऱ्या बाईच्या भावातून वजा होत राहिला, आणि आदिवासींच्या नावाने चालणाऱ्या एवढ्या खात्यांपैकी त्याविरुद्ध जोरात बोललेलं एकही खातं मला आठवत नाही.

इथे एक गोष्ट आमच्याच लोकांना न आवडणारी बोलतो. तेंदूवर कायमची भिस्त ठेवता येणार नाही. विडी ओढणारे कमी होत आहेत, आणि व्हायलाच हवेत. शिवाय कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटली जातात, आग लावली जाते, आणि त्या आगीत चारोळीची रोपं आणि मोहाची पिल्लं जळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने हे ओळखलं. त्यांना २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला आणि त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं. तेंदूचं फळ माणसाला, पाखरांना, अस्वलाला खायला राहू दे, आम्ही बांबूवर भागवू, असा त्यांचा हिशेब. गावाने बैठकीत बसून हातात आलेलं उत्पन्न सोडलं. शाश्वत विकासावर कार्यशाळा घेणाऱ्या किती संस्थांनी असं काही सोडलं आहे? बांबूलाही त्यांचे नियम आहेत: पावसाळ्यात तोड नाही, वास्ते राखायचे, कोवळी काठी तोडायची नाही. ते गावाने स्वतःवर घालून घेतले म्हणून पाळले जातात.

मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर आणखी वेगळं. त्यांच्या वाट्याला दाट जंगल आलंच नाही, आला तो उघडाबोडका डोंगर, दोनशे हेक्टरच्या आतबाहेर. त्यांनी रोजगार हमीच्या कामांतून चर खोदले, झाडं लावली, चराई रोखली, आणि तिथलं सीताफळ आता ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने शहरात विकलं जातं. २०१४ मध्ये त्या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. रोजगार हमी हा महाराष्ट्राने देशाला दिलेला कायदा आहे, आणि वनहक्काशी त्याची सांगड घातली की काय होतं हे दाखवायला पायविहीर पुरेसं आहे. मग प्रत्येक हक्कधारक ग्रामसभेला रोजगार हमीची यंत्रणा म्हणून मान्यता द्यायला अडचण कसली?

अडचण भांडवलाचीही आहे. बांबू तोडायचा तर मजुरी आठवड्याला द्यावी लागते आणि विक्रीचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. हे अंतर भरायला ग्रामसभेकडे काही नसतं. बँकेत गेलो तर तारण मागतात. तेवढ्यात व्यापारी आगाऊ रक्कम घेऊन हजर होतो आणि आगाऊ दिली की भाव त्याचा. मोहफुलाचंही असंच. २०२१ मध्ये शासनाने मोहफुलाच्या वाहतूक-साठवणुकीवरचे निर्बंध उठवले, त्याबद्दल आभार. पण साठवायला कोरडी जागाच नसेल तर काय साठवणार? एप्रिलमध्ये पडेल भावाने विकलेलं फूल तीच बाई पावसाळ्यात चढ्या भावाने परत विकत घेते, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. दहा-बारा ग्रामसभांमागे एक गोदाम आणि थोडं खेळतं भांडवल, ज्याचा हिशेब ग्रामसभा दरवर्षी देईल. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. असं काही चालवायला माणसं तयार आहेत.

पैसा नाही असं मात्र सांगू नका. जंगल तोडल्याच्या बदल्यात गोळा होणारा वनीकरणाचा निधी आहे, त्याला २०१६ चा कायदा आहे. तो खर्च कसा होतो? ग्रामसभेला न विचारता गावाच्या हक्काच्या जंगलात, कधी गुरं चारायच्या मोकळ्या जागेत खड्डे पडतात, कुंपण लागतं आणि सागाची रोपं येतात. सागाशी आमचं वैर नाही. पण साग साठ वर्षांनी तोडला जाईल तेव्हा त्याचे पैसे ज्याला मिळायचे त्याला मिळतील. मोह, चार, आवळा, बिब्बा दरवर्षी देतात आणि गावालाच देतात. १९७४ पासून वनविकास महामंडळ मिश्र जंगल काढून साग लावत आलं. हिशेबनीस म्हणून विचारतो, त्यात गेलेल्या मोहाच्या झाडांची किंमत कुठल्या ताळेबंदात कधी मांडली गेली? यापुढे हक्काच्या जंगलात काय लावायचं याचा ठराव ग्रामसभेचा असावा आणि निधी तिच्या खात्यात यावा. खात्याने तपासणी करावी, कडक करावी.

हक्काच्या जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्यांबद्दल थोडंच बोलतो, कारण राग येतो. आराखडा गावाने करायचा, असं नियम म्हणतात. प्रत्यक्षात तो कधी कधी ठेका दिल्यासारखा कोणाकडून तरी गठ्ठ्याने लिहून घेतला जातो. मी वाचलेल्या एका आराखड्यात जो नाला होता तो त्या गावातून वाहतच नाही. अशा कागदावर सह्या घेऊन ‘आराखडे पूर्ण’ असा आकडा वर पाठवला जातो. शंभर खोट्या आराखड्यांपेक्षा दहा खरे परवडतील; एक-दोन वर्षं जास्त लागली तरी चालतील.

आता आमच्या घरातलं. सगळ्या ग्रामसभा मेंढ्यासारख्या नाहीत. काही गावांत तेंदूची रॉयल्टी एका बैठकीत घरटी वाटून मोकळे होतात, जंगलासाठी रुपया राखत नाहीत. काही ठिकाणी गावातलाच कोणी ठेकेदाराचा माणूस असतो आणि निविदा आधीच ठरलेली असते. वहीवर सही करायला अध्यक्ष घाई करतो आणि वाचून दाखवू का म्हटलं की चिडतो. नियमाप्रमाणे बैठकीला निम्मे सभासद आणि त्यात एकतृतीयांश बाया हव्यात. हजेरीवर तेवढे अंगठे असतात, बैठकीत असतातच असं नाही. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारे आमचेच लोक आहेत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, आणि ‘ग्रामसभा सक्षम नाहीत’ असं म्हणताना तुम्ही हेच दाखले देता. माझं म्हणणं असं की, ग्रामपंचायतीत अफरातफर झाली म्हणून कोणी पंचायत राज गुंडाळत नाही. लेखापरीक्षण करतात, वसुली लावतात. ग्रामसभांना तेच हवं आहे. दर तालुक्याला दोन-तीन प्रशिक्षित हिशेबनीस, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि त्याचा अहवाल गोंडी-माडियात गावापुढे वाचला जावा. पॅन, टीडीएस, जीएसटी हे शब्द ऐकले की आमचे अध्यक्ष घाबरतात. आयकराची नोटीस आली तर जंगलावरच कर बसला असं समजतात. त्यांना समजावणारं सरकारी माणूस एकही नाही.

वाघाबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. वाघ वाढले ही तुमच्या खात्याची कमाई आहे, मान्य. २०२१ पासून छत्तीसगडकडून हत्तीही आले. पण मोहफूल आणि तेंदूच्या दिवसांत पहाटे वाकून वेचणाऱ्या बाईवर वाघ झडप घालतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत असा एकही हंगाम सुना जात नाही. मृत्यूची भरपाई आता २५ लाख आहे. ती मिळते, आणि मिळालीच पाहिजे. पण बाई जिवंत परत यावी यासाठी हंगामापुरती तरी व्यवस्था हवी: कोणत्या बाजूला वाघाचा वावर आहे हे आदल्या संध्याकाळी फळीवर कळावं, गटाने जायच्या वेळा ठराव्यात, सोबत गावातलेच पगारी राखणदार असावेत. कॅमेऱ्यांतून तुम्हाला वाघाची जी माहिती मिळते ती पानं तोडणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. ‘जंगलात जाऊ नका’ एवढाच निरोप पोहोचतो. मे महिन्यात तो कोण पाळू शकेल?

आणि खाण. सुरजागडचं लोखंड निघायला लागलं, जिल्ह्यात रस्ते झाले, काही पोरांना नोकऱ्या लागल्या. हे नाकारणारा मी नाही. पण ज्या डोंगरावरून वर्षाला वनोपज यायचं आणि ज्याच्यावर देव होते, त्याचा हिशेब कोणी करायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आमच्याकडे जंगल खाणीसाठी वळतं करण्याआधी ग्रामसभेला असं मोकळेपणाने विचारलं जातं का? २०२२ मध्ये केंद्राने वन संवर्धनाचे नियम बदलले तेव्हापासून वनहक्काची पूर्तता झाली की नाही हे पाहायची जबाबदारी राज्यावर आली आहे. म्हणजे आता दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही, सही तुमची आहे. दावा प्रलंबित असलेल्या गावाच्या जंगलाची फाइल पुढे सरकणार नाही, एवढं एक परिपत्रक काढा. विकासाला आमचा विरोध आहे का हे त्यानंतर विचारा.

महोदय, तेंदूच्या जाहिराती निघायची वेळ जवळ येते आहे. सगळ्या मागण्या एका हंगामात होणार नाहीत, मला कळतं. बुडव्या ठेकेदारांची यादी आणि नाक्यांवरचा पासाचा नमुना, या दोन गोष्टी मात्र फेब्रुवारीआधी सहज होतील. जे होणार असेल आणि जे होणार नसेल, दोन्ही लेखी कळवा. तोंडी आश्वासन मला ग्रामसभेत सांगता येत नाही. तिथे पहिला प्रश्न येतो, कागद कुठे आहे?

आपला,
ग्रामसभांचा एक हिशेबनीस,
जि. गडचिरोली